मुलांचा नायक, मोठ्यांचा अंधार

जुलै २००८ मध्ये ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘द डार्क नाइट’ हा बॅटमॅनपट प्रदर्शित झाला, तेव्हा ब्रिटनच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने त्याला ‘१२ए’ हे प्रमाणपत्र दिले. सोबत वडीलधारे माणूस असेल तर बारा वर्षांखालील मुलानेही हा चित्रपट पाहण्यास हरकत नाही, असा त्याचा अर्थ. वर्ष सरेपर्यंत या एका चित्रपटाविषयी मंडळाकडे साडेतीनशेहून अधिक तक्रारी आल्या. त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाच्या वाट्याला एवढ्या तक्रारी आल्या नव्हत्या. हुजूर पक्षाचे माजी नेते इयन डंकन स्मिथ यांनी आपल्या मुलीसह चित्रपट पाहिला आणि ‘द टाइम्स’ला पत्र लिहून या निर्णयाबद्दल आश्चर्य व्यक्त केले. मजूर पक्षाचे खासदार कीथ वाझ यांनीही तोच सूर लावला. एरवी परस्परांशी क्वचितच सहमत होणाऱ्या दोन पक्षांतील माणसे एका मुखवटाधारी नायकाच्या निमित्ताने एका बाजूला आली.

मंडळाचा खुलासा तर्काला सोडून नव्हता. चित्रपटात रक्त जवळजवळ दिसत नाही. वार होण्याच्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे वळतो. कथा कल्पित नगरीतील, नायक पाठीवर काळा झगा घेऊन इमारतींवरून झेपावणारा. जोकर टेबलावर एक पेन्सिल उभी करतो, तिच्यावर एका माणसाचे डोके आपटतो आणि पेन्सिल ‘नाहीशी’ करून दाखवतो; या प्रसंगात जखमेचा लवलेशही पडद्यावर नाही. दुसऱ्या एका प्रसंगी तो एका गुंडाच्या तोंडात सुरा धरून स्वतःच्या गालांवरील व्रणांची कहाणी सांगतो. कहाणी संपते, वार मात्र दिसत नाही. नियमांच्या पट्टीने मोजले तर या दोन्ही प्रसंगांत आक्षेपार्ह असे फार थोडे निघेल. परंतु पालकांच्या तक्रारी काही खोट्या नव्हत्या. मंडळ रक्त मोजत होते. शेजारच्या खुर्चीतील मुलाने आपला दंड किती घट्ट धरला, हे पालक मोजत होते.

आता प्रश्न असा की, ही माणसे आपल्या लहान मुलांना घेऊन या चित्रपटाला गेलीच कशासाठी? हीच कथा एखाद्या साध्या पोलीस अधिकाऱ्याची आणि बँक लुटणाऱ्या टोळीची असती, तर तिसरी-चौथीतल्या मुलासाठी कोणत्याही बापाने तिकीट काढले नसते. पण नायक बॅटमॅन होता. तो मुलाच्या दप्तरावर होता, डब्यावर होता, पाण्याच्या बाटलीवर आणि वाढदिवसाच्या केकवर होता. त्या चित्राची ओळख घरात इतकी मुरली होती की, चित्रपटगृहाच्या दारावरील प्रमाणपत्र वाचण्याची गरजच कोणाला भासली नाही. नायकाचा पोशाख हेच पालकांच्या दृष्टीने प्रमाणपत्र ठरले. या वादाची मेख येथे आहे. आणि गेल्या चाळीस वर्षांत अतिमानवी नायकांच्या चित्रपटांनी जी वळणे घेतली, ती पाहिल्यावाचून ती मेख ध्यानात यायची नाही.

मूळचा काळोख

बॅटमॅन हा प्रथमपासून गोंडस, निरुपद्रवी होता आणि नंतर कोणी त्याला काळा केला, असा एक समज आहे. तो खरा नाही. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९ च्या मे महिन्यात ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात हा नायक आणला. त्या पहिल्याच कथेत खलनायक आम्लाच्या हौदात पडून मरतो आणि नायकाला त्याचे काडीचेही दुःख होत नाही. आरंभीच्या कथांत त्याच्या हाती बंदूकही दिसते. त्याच वर्षाच्या अखेरीस वाचकांना कळले की, डोळ्यांदेखत आईबापांचा खून झालेला हा एक पोरका मुलगा आहे. म्हणजे या नायकाचे मूळच मुळी एका बालकाच्या दुःखात आहे. १९४० मध्ये संपादकांनी त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली, हत्येची त्याला मनाई केली आणि जोडीला रॉबिन हा हसरा पोरगा दिला. खप वाढला, छोट्या वाचकांना आपल्या वयाचा सोबती मिळाला. नायकाचे हे सौम्य रूप पुढे पंचवीस-तीस वर्षे टिकले आणि १९६६ मधील दूरदर्शन मालिकेत तर ते उघड विनोदाच्या पातळीवर उतरले.

त्या सौम्यतेचा काही भाग मात्र दरडावणीतून आलेला होता. १९५४ मध्ये फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक लिहून चित्रकथांना बालगुन्हेगारीस जबाबदार धरले. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे या विषयाची सुनावणी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच आपल्यावर एक आचारसंहिता लादून घेतली. वर्थम हे काही विक्षिप्त सनातनी नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी दवाखाना चालवला होता, आणि वर्णभेदी शाळांचा बालमनावर होणारा परिणाम न्यायालयात मांडण्याच्या कामी त्यांचे साहाय्य झाले होते. त्यामुळेच त्यांच्या शब्दाला वजन आले. परंतु त्यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिले की, मुलांच्या जबान्या त्यांनी सोयीप्रमाणे कापल्या होत्या, जोडल्या होत्या, बदलल्या होत्या. सद्हेतूने केलेली फसवणूक ही अखेर फसवणूकच असते, आणि तिची किंमत पुढच्या पिढीतील प्रामाणिक संशोधकांना मोजावी लागते. आज कोणी बालमन आणि हिंसा यांविषयी चार शब्द बोलू लागला की, त्याच्या तोंडावर वर्थम यांचे नाव फेकण्यात येते, ते याचमुळे.

आपल्याकडेही या भीतीचा एक घरगुती अवतार होऊन गेला. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या कथा पाठ्यपुस्तकात दडवून वाचणारी आणि त्यापायी मास्तरांचा मार खाणारी मुले पुढे कारकून, शिक्षक, वकील झाली. त्यांच्यापैकी कोणी रात्री मुखवटा चढवून दरोडे घातल्याचे ऐकिवात नाही.

आचारसंहितेने अमेरिकी चित्रकथांचे जे केले, ते मात्र विचार करण्याजोगे आहे. शेवटी सज्जनाचाच जय व्हावा, पोलीस आणि न्यायाधीश यांचा अनादर होऊ नये, शीर्षकात भय हा शब्द नको, अशा नियमांच्या कुंपणात कथा वाढल्या नाहीत. वाचक मात्र वाढले. ज्यांनी आठव्या वर्षी बॅटमॅन वाचला, त्यांना तिशीतही तो हवा होता. पण आता तो आपल्या वयाचा हवा होता. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांनी ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये पन्नाशी ओलांडलेला, कडवट, थकलेला बॅटमॅन रंगवला. त्याच वर्षी ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ही मालिका सुरू झाली आणि मुखवटा घालून न्याय करायला निघणाऱ्या माणसाच्या मनात काय काय सडत असते, हे तिने उघडे केले. या दोन्ही कृती गंभीर होत्या, प्रौढांसाठी होत्या आणि त्या चांगल्या होत्या. त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार त्यानंतर चित्रपटाच्या बाजारात जे घडले त्याविषयी आहे.

पाटी तीच, माल निराळा

बाजाराला प्रौढांचे गांभीर्य हवे होते आणि मुलांचे पैसेही हवे होते. १९८९ मध्ये टिम बर्टन यांचा ‘बॅटमॅन’ आला तेव्हा ब्रिटनमध्ये त्याला कोणत्या खणात ठेवावे हा पेच पडला. ‘१२’ हे नवे प्रमाणपत्र मिळालेला तो पहिला चित्रपट ठरला. २००२ मध्ये ‘स्पायडर-मॅन’ला हेच प्रमाणपत्र मिळाल्यामुळे हिरमुसलेल्या धाकट्यांच्या पालकांनी गहजब केला, काही स्थानिक परिषदांनी आपल्या अधिकारात ते सैल केले, आणि त्याच वर्षी ‘१२’ ऐवजी ‘१२ए’ ही सवलतीची श्रेणी चित्रपटगृहांत आली. याच सवलतीच्या दारातून सहा वर्षांनी ‘द डार्क नाइट’चा जोकर आत शिरला.

बर्टन यांच्याच ‘बॅटमॅन रिटर्न्स’ची १९९२ मधील हकीकत तर अधिक बोलकी आहे. या चित्रपटाच्या आरंभीच एक धनाढ्य जोडपे आपल्या विद्रूप अर्भकाला पाण्यात सोडून देते. तेच अर्भक मोठे होऊन नगरीतील घरोघरची पहिली मुले पळवून बुडवण्याचा बेत रचते. आणि ज्या आठवड्यांत हा चित्रपट चालू होता, त्याच आठवड्यांत मॅकडॉनल्डच्या दुकानांतून लहान मुलांच्या खाण्याच्या खोक्यात या चित्रपटाची खेळणी मिळत होती. पालक संतापले. निर्मात्यांनी त्यावर काय केले? चित्रपट मोठ्यांसाठी आहे असे सांगून खेळणी मागे घेण्याचा मार्ग मोकळा होता. त्याऐवजी त्यांनी दिग्दर्शक बदलला आणि पुढचा चित्रपट रंगीबेरंगी केला. खेळणी राहिली, कला गेली. १९९७ मध्ये हे रंगीत सोंग प्रेक्षकांनी झिडकारले, आणि आठ वर्षांच्या खंडानंतर नोलन यांच्या हातून काळोख परत आला. या वेळी मात्र काळोखही राहिला आणि खेळणीही राहिली.

भीतीचे वय

‘तरुण प्रेक्षक’ म्हणून ज्यांचा एकत्रित उल्लेख होतो, त्यांच्यात सात वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा यांना एका दावणीला बांधण्यात येते. वस्तुतः भीतीच्या बाबतीत ही दोन निराळ्या मुलुखांतील माणसे आहेत. अमेरिकेत १९८६ मध्ये ग्लेन स्पार्क्स आणि जोअन कँटर यांनी केलेला एक अभ्यास या विषयात आवर्जून पाहण्यासारखा आहे. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या दूरदर्शन मालिकेचा एक भाग त्यांनी मुलांना दाखवला. तीत शांत स्वभावाचा शास्त्रज्ञ संतापला की हिरव्या राक्षसी देहात पालटतो आणि संकटातील माणसांना सोडवतो. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत अधिक घाबरली ती हल्क प्रकटल्यावर. म्हणजे नेमकी ज्या क्षणी सुटका जवळ आली, त्या क्षणी. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांची भीती तेव्हाच ओसरत होती. कारण हा राक्षस आपल्या बाजूचा आहे, हे त्यांना उमगले होते.

या छोट्याशा प्रयोगाने एक मोठा गैरसमज दूर होतो. ‘अखेर चांगल्याचाच जय होतो, मग मुलांनी पाहायला काय हरकत आहे?’ असे म्हणणारा प्रौढ प्रेक्षक कथेचा शेवट हातात धरून बसलेला असतो. लहान मूल कथा पाहत नाही, ते चेहरा पाहते. हार्वी डेंटचा अर्धा जळालेला चेहरा त्याने पाहिला की, त्यापुढे डेंटचे काय झाले, त्याच्या अधःपातातून नोलन यांना काय सुचवायचे आहे, हा सगळा पसारा त्याच्या दृष्टीने नाहीसा होतो. तो चेहरा तेवढा घरी येतो.

याच्या उलट बाजूलाही पुरावा आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. २०१७ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. सेरा कॉइन आणि सहकाऱ्यांनी शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील २४० मुलांची पाहणी केली. अतिमानवी नायकांत अधिक रमणारी मुले वर्षभरानंतर अधिक दांडगाई करताना आढळली. दुबळ्याच्या मदतीला धावण्याची वृत्ती मात्र त्यांच्यात वाढलेली नव्हती. अर्थात दांडगट मुलांनाच असे नायक आवडत असतील, ही शंका अशा पाहणीत उरतेच. त्याच वर्षी रेचेल व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना एक कंटाळवाणे काम करावयास दिले. शेजारी मोहात पाडणारा खेळ ठेवला, आणि काही मुलांना आपण बॅटमॅनसारखे कोणी आहोत असे समजून काम करण्यास सांगितले. या सोंग घेतलेल्या मुलांनी इतरांहून अधिक वेळ चिकाटीने काम केले. संशोधकांनी या परिणामाला बॅटमॅनचेच नाव दिले आहे. मुलाला नायक हवा असतो आणि त्या नायकाचा त्याला उपयोगही होतो. नायकाला हद्दपार करावे असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि म्हणूनच, ज्या नायकाच्या अंगरख्यात शिरून चार वर्षांचे मूल धीर धरते, तो नायक मोठ्यांनी उचलून नेला तर त्या मुलाच्या वाट्याला काय उरले, हेही विचारले पाहिजे.

भयानकाचे आपल्या मुलांना वावडे नाही. उंबरठ्यावर बसून हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नरसिंह महाराष्ट्रातील घराघरांत पाच वर्षांच्या नातवंडांना सांगितला गेला आहे. दुःशासनाचे रक्त आणि अश्वत्थाम्याने झोपेत केलेली कत्तल यांनी भारतीय बालपण काही नासले नाही. पण ती कथा आजीच्या आवाजात येते. मूल दचकले की आवाज खाली येतो, डोळे मिटू लागले की कथा थांबते. शिवाय नरसिंहाच्या नखांचे चित्र ज्याने त्याने आपापल्या मनात, सोसवेल तेवढेच काढायचे असते. चित्रपटात ते चित्र दुसऱ्याने काढलेले असते, वीस फूट उंच असते, आणि ते दाखवणाऱ्याला समोरचे मूल दिसत नसते. ‘रामायण-महाभारतात काय कमी हिंसा आहे?’ हा नेहमीचा प्रतिवाद येथे लंगडा पडतो.

रक्ताविना मृत्यू

अमेरिकेतील ‘पीजी-१३’ ही श्रेणी जुलै १९८४ मध्ये अस्तित्वात आली. ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आणि ‘ग्रेमलिन्स’ या चित्रपटांतील प्रसंगांनी पालक बिथरले, तेव्हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीच मधली एखादी श्रेणी असावी असे सुचवले होते. हेतू पालकांना सावध करण्याचा होता. व्यवहारात ती निर्मात्यांची आवडती जागा होऊन बसली. ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, या श्रेणीतील चित्रपटांत बंदुकीची हिंसा १९८५ पासून तिपटीहून अधिक झाली आणि २०१२ मध्ये ती प्रौढांसाठीच्या ‘आर’ श्रेणीलाही मागे टाकून गेली. त्यातली मेख अशी की, या श्रेणीत राहावयाचे तर गोळ्या कितीही झाडा, रक्त मात्र दाखवू नका.

त्यामुळे एक विपरीत गोष्ट घडली आहे. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये महानगराच्या गगनचुंबी इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात. त्या इमारतींत माणसे असणार, हजारोंनी मेली असणार. पडद्यावर प्रेत दिसत नाही म्हणून चित्रपट तेरा वर्षांच्या मुलांना चालतो. उलट जेम्स मँगोल्ड यांचा २०१७ चा ‘लोगन’ घ्यावा. त्यात नायक म्हातारा, आजारी आहे. जखम झाली की ती दिसते, दुखते, भरत नाही. शस्त्र म्हणून वाढवलेल्या एका मुलीला तो चित्रकथेचे पुस्तक दाखवून बजावतो की, प्रत्यक्षात माणसे मरतात. त्याला अमेरिकेत ‘आर’ श्रेणी मिळाली, आणि ती योग्यच होती. तो लहानांनी पाहू नये. परंतु मृत्यू म्हणजे काय याविषयी खरे बोलणारा चित्रपट दोहोंपैकी कोणता, हे सांगायला समीक्षकाची आवश्यकता नाही. चौदा वर्षांच्या मुलाला अधिक अपायकारक काय, मरणाचे दुःख दिसणे की मरण फुकटचे वाटणे, या प्रश्नाला आजची वर्गीकरणाची पट्टी स्पर्शही करीत नाही. निदान ब्रिटिश मंडळाने मागच्या अनुभवातून काही धडा घेतलेला दिसतो. २०२२ च्या ‘द बॅटमॅन’ला अमेरिकेत ‘पीजी-१३’ मिळाले असता ब्रिटनमध्ये तो पंधरा वर्षांखालील मुलांना वर्ज्य ठरला. सोबत बाप असला तरीही.

आपल्याकडील स्थिती काय आहे? १९५२ च्या कायद्याने ‘यू’ आणि ‘ए’ या दोन श्रेणी दिल्या. १९८३ मध्ये त्यांत ‘यूए’ची भर पडली आणि सेन्सॉर मंडळाचे नाव बदलून प्रमाणन मंडळ झाले. त्यानंतर चाळीस वर्षे बारा वर्षांखालील सर्व मुले या एकाच ‘यूए’खाली नांदली. श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये वयोगट पाडण्याची शिफारस केली. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०२३ साल उजाडले. आता सात, तेरा आणि सोळा अशा तीन पायऱ्या आहेत, आणि ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण याच दुरुस्तीत म्हटले आहे की, या पायऱ्या पालकांच्या मार्गदर्शनापुरत्या आहेत. पालकांखेरीज अन्य कोणी त्यांची अंमलबजावणी करावयाची नाही. म्हणजे ‘यूए १६+’ चित्रपटाच्या दारात सहा वर्षांच्या मुलाला अडवणारा कोणी नाही. पालकांवर एवढा विश्वास टाकला आहे, तर त्यांना पुरेशी माहिती तरी देणे प्राप्त होते. या चित्रपटात काय आहे, कोणत्या वयाला कशाचा त्रास होईल, हे तिकीट काढण्यापूर्वी दोन साध्या ओळींत, मराठीत वाचावयास मिळावे, ही काही भलती अपेक्षा नव्हे.

आणि मंडळाची कात्री चालते कोठे? जुलै २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’ भारतात ‘यूए १३+’ म्हणून आला, तेव्हा त्यातील नायक-नायिकेच्या चुंबनाची ३३ सेकंदे कापली गेल्याचे जाहीर झाले. याच चित्रपटाच्या कथेत खलनायक एका निरपराध खाद्यविक्रेत्याच्या डोक्याला पिस्तूल लावून, नायकाला समोर बसवून, त्याच्या जिवाचा जुगार खेळतो आणि त्याला ठार करतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनाचे रक्षण करताना कशाची धास्ती अधिक वाटावी, याबद्दलच्या आपल्या कल्पना यावरून लक्षात याव्यात.

मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिचा उच्चार सहसा होत नाही. हे चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगू या भाषांत रूपांतरित होऊन येतात, मराठीत क्वचितच. जिल्ह्याच्या गावातील मराठी शाळेत शिकणारा मुलगा ते इंग्रजीत किंवा घाईघाईने केलेल्या हिंदीत पाहतो. ‘द डार्क नाइट’सारख्या चित्रपटाचा सारा नैतिक भार त्याच्या संवादांत आहे. संवाद निसटले की विचार निसटतो, आणि सुरा तेवढा राहतो.

पंधराव्या वर्षीचा प्रश्न

हा विचार निसटू नये असे वाटण्याजोगा आहे, म्हणूनच सरसकट बंदीची भाषा येथे अप्रस्तुत ठरते. जोकर दोन बोटींत स्फोटके ठेवतो. एकीत सामान्य नागरिक, दुसरीत शिक्षा झालेले कैदी. प्रत्येक बोटीला दुसरी उडवून देण्याची कळ दिलेली. मध्यरात्रीपर्यंत कोणीच कळ दाबली नाही तर दोन्ही उडतील. नागरिक मतदान घेतात, बहुमत कैद्यांना मारण्याच्या बाजूने पडते, पण कळ दाबायला एकही सभ्य हात पुढे होत नाही. दुसऱ्या बोटीवर एक धिप्पाड कैदी ती कळ मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात भिरकावतो. नागरिकशास्त्राच्या तासाला बहुमत आणि विवेक यांतील अंतर समजावून सांगायचे असेल, तर याहून समर्पक उदाहरण शिक्षकाला सहज सापडणार नाही. त्याच चित्रपटात बॅटमॅन गुन्हेगाराच्या शोधासाठी नगरातील प्रत्येक दूरध्वनी चोरून ऐकण्याची यंत्रणा उभारतो आणि त्याचाच निष्ठावंत सहकारी त्याला विचारतो की, एवढी सत्ता एका माणसाच्या हाती असावी काय. नववी-दहावीतील मुलांना हे प्रश्न कळतात, आवडतात, आणि त्यांवर ती भांडतात. ज्या वयात मोठ्यांचा ढोंगीपणा दिसू लागतो, त्या वयाला निर्दोष नायक खोटा वाटतो. त्याला काळोखातला नायक हवासा वाटणे, हे त्याच्या वाढीचेच लक्षण आहे.

अनुकरणाची भीती मात्र या चर्चेत नेहमी मध्ये येते. २० जुलै २०१२ रोजी अमेरिकेत कोलोरॅडोतील अरोरा येथे ‘द डार्क नाइट राइजेस’च्या मध्यरात्रीच्या खेळात एका माथेफिरूने गोळीबार करून १२ जणांचे प्राण घेतले. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. मारेकऱ्याने स्वतःला जोकर म्हणवून घेतल्याची वार्ता जगभर पसरली. तिला पुरावा मिळाला नाही. २०१९ मध्ये ‘जोकर’ हा स्वतंत्र चित्रपट आला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला, अमेरिकेत ‘आर’, ब्रिटनमध्ये ‘१५’ आणि भारतात ‘ए’ प्रमाणपत्र मिळाले. त्या वेळी अरोरातील काही मृतांच्या आप्तांनी निर्मात्या कंपनीला पत्र लिहिले. चित्रपट दाखवू नका, असे त्यांचे म्हणणे नव्हते. बंदूक-उद्योगाच्या हितसंबंधीयांकडून पैसे घेणाऱ्या राजकारण्यांना कंपनीने देणग्या देऊ नयेत, अशी त्यांची मागणी होती. ज्यांची मुले गेली, त्यांनी पडद्यावरील जोकर आणि दुकानातील बंदूक यांतील फरक इतरांपेक्षा नीट ओळखला होता.

‘द डार्क नाइट’च्या अखेरीस पोलीस आयुक्त गॉर्डन यांच्या आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याला हार्वी डेंट पिस्तूल लावतो आणि त्याने जगावे की मरावे हे ठरवण्यासाठी नाणे उडवतो. बॅटमॅन त्या मुलाला वाचवतो, डेंट मरतो, आणि डेंटचे गुन्हे आपल्या माथी घेऊन बॅटमॅन अंधारात पळू लागतो. पोलिसांची कुत्री मागे लागतात. मुलगा बापाला विचारतो की, त्याने काही वाईट केलेले नसताना तो पळतो कशाला. बाप त्याला जे सांगतो त्यात एका नगरीला सांगायचे असत्य गुंडाळलेले आहे, आणि ते उलगडायला प्रौढ प्रेक्षकालाही चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा लागतो. दिवे लागतात. त्याच वयाचे एक मूल, अंगात वटवाघळाचे चित्र असलेला सदरा, चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरताना आपल्या बापाला तोच प्रश्न विचारीत असते, आणि बाप गर्दीत गाडीची किल्ली शोधत असतो.